नोकरी सोडलेला मास्तर आणि माळावरचा कारखाना



फायनल इयर सुरू झालं की होस्टेलच्या मेसमध्ये एकच विषय असतो. सबमिशन, व्हायवा, एटीकेटी सगळं मागं पडतं आणि जो तो विचारतो, यंदा कॅम्पसला कोण येणार? कुणी पुण्याचं नाव घेतो, कुणी सुरतचं, कुणी वापीचं. नंदुरबारचं नाव मात्र कुणी घेत नाही. ज्या जिल्ह्यात आपण चार वर्षं शिकलो, तिथे आपल्याला काम मिळेल असं आपल्यालाच वाटत नाही. कुणाच्या वडिलांनी शेत गहाण टाकून फी भरलेली असते, कुणाच्या घरात तो पहिलाच इंजिनिअर असतो. आणि डिग्री हातात पडल्यावर घरी काय सांगायचं, या विचाराने रात्री झोप लागत नाही.

अशा वेळी मला एका माणसाची गोष्ट आठवते. त्याचं नाव आपण लहानपणापासून वाचत आलोय. तापीकाठच्या शेतात विहिरीवरच्या पंपावर ते असतं, आणि बऱ्याच वर्कशॉपमधल्या जुन्या लेथवरसुद्धा असतं. किर्लोस्कर! हे नाव कंपनीचं म्हणून आपल्याला माहीत आहे, पण त्यामागचा माणूस फारसा माहीत नाही. तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

रंग न दिसणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या आणि पाठांतर, पण या मुलाचं लक्ष त्यात लागेना. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. शाळेत त्याची प्रगती बेताचीच. आजच्या भाषेत सांगायचं तर मेरिट लिस्टमधला विद्यार्थी तो नव्हताच.

१८८५ साली तो चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. दोन वर्षं शिकल्यावर लक्षात आलं की त्याला काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर काय करायचं? दुसरा कुणी घरी परत गेला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांचं रेखाटन, म्हणजे आपलं मशीन ड्रॉइंग, त्याला रंग लागत नाहीत. त्यात ते इतके तयार झाले की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवण्याची नोकरी मिळाली.

नोकरी चांगली होती. सुट्टीच्या वेळात ते तिथल्या वर्कशॉपमध्ये जाऊन यंत्रांवर हात चालवायचे. शिकवणाऱ्या मास्तरने तेलकट हात करून घ्यायची त्या काळी पद्धत नव्हती, पण लक्ष्मणरावांचं खरं शिक्षण तिथेच झालं.

सायकलचं दुकान

१८८८ च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या रस्त्यावर सायकल पाहिली. त्या वेळी सायकल ही मोठ्या लोकांची चैनीची वस्तू होती. लक्ष्मणरावांनी बेळगावला असलेले थोरले भाऊ रामुअण्णा यांच्याशी ठरवून सायकल विक्रीचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे आणि रामुअण्णा त्या बेळगावात विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. दुकानाला नाव दिलं किर्लोस्कर ब्रदर्स.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लक्ष्मणरावांनी एकदम नोकरीवर लाथ मारली नाही. पगार चालू ठेवून त्यांनी धंद्याची चव घेतली. पुढे कॉलेजात बढतीची वेळ आली. त्यांचा हक्क असताना ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. हा अपमान त्यांना सहन झाला नाही. राजीनामा देऊन ते बेळगावला आले. तोवर त्यांना धंद्याची दहा वर्षांची ओळख झाली होती आणि पाठीशी भाऊ होता. रागाच्या भरात राजीनामा द्यायला फार काही लागत नाही. राजीनाम्यानंतर जेवायचं काय, हे आधी पाहून ठेवलेलं असावं लागतं.

न विकला गेलेला नांगर

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं. मग लोखंडी नांगर हातात घेतला. १९०३ साली पहिला नांगर तयार झाला. आणि तो कुणी घेईना!

शेतकऱ्यांना वाटायचं, लोखंडाने जमिनीत विष पसरेल. बापजाद्यांपासून लाकडी नांगर चालत आला होता, तो का सोडायचा? पहिला नांगर विकायला जवळपास दोन वर्षं लागली. दोन वर्षं म्हणजे आपली चार सेमिस्टर. तितका काळ तयार माल पडून आहे आणि गिऱ्हाईक नाही, अशी कल्पना करून बघा.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून हिणवलं नाही. ते शेतात गेले, नांगर चालवून दाखवला आणि जो विकला गेला त्याच्या तक्रारी ऐकून घेतल्या. जिथे शेतकऱ्याचं म्हणणं बरोबर निघालं तिथे नांगर बदलला. इंजिनिअरने काढलेलं डिझाइन शेतकऱ्याने दुरुस्त करायचं, हे आज आपल्यालाही पचायला जड जाईल. पण तो नांगर चालला तो यामुळेच.

धंदा कुठे उभा राहतोय तोच नवं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जागा हवी होती. लक्ष्मणरावांना कारखाना हलवण्याची नोटीस मिळाली. चाळिशीच्या उंबरठ्यावर, यंत्रसामग्री आहे पण पाय ठेवायला जागा नाही, अशी अवस्था.

बत्तीस एकर माळ

याच वेळी लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानातल्या यमाई देवीच्या सभामंडपाचं काम होतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणग्राहक माणूस. त्यांनी या माणसाचं काम डोळ्यांनी पाहिलेलं होतं. अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही दिलं.

जागा कशी होती? कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकर ओसाड माळ. निवडुंग माजलेले आणि नागसापांचा वावर. १० मार्च १९१० रोजी तिथे कामाला सुरुवात झाली. सोबत पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबं. आधी निवडुंग तोडायचे, साप मारायचे आणि मग भट्टी पेटवायची. आज सांगली जिल्ह्यातलं ते गाव किर्लोस्करवाडी म्हणून ओळखलं जातं आणि स्टेशनचं नावही तेच झालं आहे.

या माळावर त्यांनी जमवलेली माणसं पाहिली की आपल्यासारख्या बॅकलॉगवाल्यांना धीर येतो. शंभूराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यांनी शिक्षण अर्धवट सोडलेलं होतं, ते तिथे नावाजलेले इंजिनिअर झाले. शाळेत नापास झालेल्या एकाने तिथे पडेल ते काम अंगावर घेऊन पार पाडलं. दरोड्याची शिक्षा झालेल्या दोघांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमलं आणि ते शेवटपर्यंत विश्वासाने राहिले. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता, तोही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बाजारात ज्यांना कुणी काम दिलं नसतं अशा माणसांच्या हातून त्यांनी कारखाना उभा केला.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर होऊन १९२६ साली परत आले. नांगरासोबत उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रं आणि पंप बाहेर पडू लागले. १९४१ साली हरिहरला लेथचा कारखाना निघाला, १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनचा.

मग आला १९४८ चा जानेवारी. गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांविरुद्ध जी दंगल उसळली त्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवण्यात आला. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. जन्मभर उभं केलेलं जळालं. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आपण यातून काय घ्यायचं?

अशी चरित्रं वाचून झाली की आपण जिद्द, चिकाटी, परिश्रम असे तीन शब्द लिहून मोकळे होतो. मला वाटतं, लक्ष्मणरावांच्या बाबतीत तेवढं पुरेसं नाही. जिद्द आपल्याकडेही आहे. धडगावच्या पाड्यावरून डोंगर उतरून जो मुलगा इंजिनिअरिंगला आला, त्याला जिद्द कुणी शिकवायची?

लक्ष्मणरावांना जिद्दीखेरीज चार गोष्टी मिळाल्या. सुरुवातीला पगार मिळाला. दोन वर्षं माल न विकता थांबू शकेल असा भाऊ मिळाला. जागा मिळाली. आणि त्यांचं काम पाहून कर्ज देणारा राजा मिळाला. यातली एक जरी गोष्ट नसती तरी तो नांगर बेळगावातच गंजला असता. शिकलेलं घर आणि शहरात धंदा सांभाळणारा थोरला भाऊ हेही त्यांच्याकडे होतं. आपल्या जिल्ह्यात दोन तृतीयांशाहून जास्त लोक आदिवासी आहेत आणि कितीतरी घरांत इंजिनिअर तर सोडा, पहिला पदवीधरही आत्ता होतोय. त्या मुलाच्या पाठीशी रामुअण्णा नाहीत. म्हणून तरुण बेकार राहिला की त्याला आळशी म्हणणं सोपं असलं तरी बरोबर नाही.

आज राजे नाहीत, योजना आहेत. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रं आहेत. २००८ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला, त्यात २०२२ साली उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. ग्रामीण भागातल्या अनुसूचित जमातीच्या तरुणाला ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के, अशी त्याची रचना. २०१९ साली राज्याने मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आणला. पैशांची सोय अगदीच नाही असं म्हणता येणार नाही. कमी पडतो तो वेळ. कर्जाचे हप्ते काही महिन्यांत सुरू होतात आणि नांगर विकायला मात्र दोन वर्षं लागतात! या मधल्या काळात धीर धरणारं, पहिलं गिऱ्हाईक मिळवून देणारं कुणीतरी लागतं.

हे काम कॉलेज करू शकतं असं मला वाटतं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात, हातांची आग आग होते. धडगाव, अक्कलकुवा भागात आमचूरसाठी कैऱ्या घरोघरी हाताने चिरल्या जातात. भगर, मोहफुलं, सगळीकडे तीच कथा. आणि आपले फायनल इयरचे प्रोजेक्ट काय असतात? मागच्या बॅचची फाईल, नवं कव्हर आणि स्पायरल बाइंडिंग. त्याऐवजी एक प्रोजेक्ट देठ खुडण्याच्या यंत्राचा घ्या. ते पथारीवर न्या. त्या मावशींना नावं ठेवू द्या. सुधारा, पुन्हा न्या. मात्र यंत्र आलं म्हणून मावशींची मजुरी जाऊ नये, यंत्र त्यांच्याच बचत गटाच्या मालकीचं असावं, याचाही विचार प्रोजेक्टमध्येच व्हावा.

स्टाफलाही एक विनंती. संध्याकाळी वर्कशॉप बंद होतं. आठवड्यातले दोन दिवस ते दोन तास उघडं ठेवता आलं, तर ज्याला खरंच काही बनवायचंय त्याला लेथ मिळेल. पास झाल्यावरही वर्षभर त्याला येऊ द्यावं. लक्ष्मणरावही आधी असेच दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये शिकले होते.

सगळ्यांनीच धंदा करावा असं मी म्हणत नाही. कॅम्पसमध्ये नोकरी लागली तर आनंदाने घ्या, घरी पेढे न्या. पण नाही लागली तर आपलं सगळं संपलं असं समजून खोलीत कडी लावून बसू नका. रंग दिसत नाहीत हे कळल्यावर लक्ष्मणरावांनी कागद फाडला नव्हता, त्याच कागदावर त्यांनी यंत्र काढलं. आपल्याही हातात कागद आहे, आणि माळ तर आपल्या जिल्ह्यात भरपूर आहेत!