कप्तान आणि डॉक्टर: तालिमेरेन आओ

स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचा ऑलिंपिकमधील पहिला कप्तान कोण, असे विचारले असता आमच्या वर्गातील फार थोडे हात वर होतील. तालिमेरेन आओ यांचा जन्म १९१८ साली नागा डोंगरांतील चांगकी गावी, एका ख्रिस्ती पाळकाच्या घरी झाला. मुलाने डॉक्टर होऊन स्वजनांची सेवा करावी अशी पित्याची इच्छा; ती मागे ठेवून ते १९३५ साली निवर्तले.

कलकत्त्यास वैद्यक शिकत असता आओ मोहन बागान संघाचे आधारस्तंभ झाले. १९४८ साली लंडनच्या संचलनात राष्ट्रध्वज त्यांच्याच हाती होता. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक गडी अनवाणी! रामन यांनी बरोबरी साधली. परंतु दोन पेनल्टी वाया गेल्या, आणि अगदी अखेरीस फ्रान्सने दुसरा गोल केला.

आम्हांस मात्र पुढची हकीकत अधिक मोलाची वाटते. १९५० साली पदवी संपादून, कीर्तीचे मैदान मागे टाकून ते आपल्या मुलखाकडे वळले. कोहिम्यास ते सरकारी डॉक्टर झाले, पुढे नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालक झाले. १९७८ साली ते निवृत्त झाले व १९९८ साली त्यांचे देहावसान झाले.