डाव्या हाताचं अक्षर

गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कादंबरी अर्ध्यावर होती. मी अजून हातानंच लिहितो, त्यामुळे ती तशीच पडून राहिली. आणि या वयात पडलेलं काम पुन्हा उभं राहत नाही, असं मनानं घेतलं. चेकवर सही करायची तीसुद्धा डाव्या हातानं. सही जुळत नाही म्हणून नोकरीत असताना मी किती जणांचे चेक परत केले असतील, ते सगळे तेव्हा आठवले!

वेळ जाईना, म्हणून ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ उशीला टेकवून उघडलं. ते जाडजूड पुस्तक एका हातानं पेलत नाही. सोबतीला धनंजय कीरांनी लिहिलेलं चरित्र. १८४८ सालची भिडे वाड्यातली मुलींची शाळा, सावित्रीबाई, हे आपल्या सर्वांना पाठच असतं. मला अडवलं ते जोतीरावांच्या आजारपणानं.

या माणसाचं आयुष्य वाचनानंच वळलेलं. जन्म १८२७ चा. शाळा मध्येच सुटली आणि मुलगा वडिलांच्या मळ्यात राबू लागला. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ मध्ये, चौदाव्या वर्षी, तो पुन्हा मिशनच्या शाळेत जाऊन बसला. थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं ते विशीत. पुढच्याच वर्षी शाळा निघाली. पुढे ते नगरपालिकेचे सभासद झाले, बांधकामाची कंत्राटंही घेतली. म्हणजे व्यवहार कळणारा समाजसुधारक. आम्हा बँकवाल्यांना अशी माणसं जवळची वाटतात.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. जुलैत अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांचे उपचार चालू होते, घरात पैशांची ओढाताण. जोतीराव थोडे सावरले, पण उजव्या हातात लेखणी काही धरवेना. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ तर लिहायचंच होतं. मग ते डाव्या हातानं लिहिलं. चिठ्ठीचपाटी नव्हे, प्रश्नोत्तरांच्या रूपातला अख्खा ग्रंथ! १८८९ मध्ये तो पुरा झाला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. ग्रंथ छापून झाला १८९१ मध्ये, दत्तक पुत्र यशवंत यांच्या हातून. छापील प्रत त्यांना पाहायला मिळाली नाही.

माझं तर नुसतं मनगट होतं, आणि तेही जुळणार होतं. त्या रात्री मी वही काढली, डाव्या हातात पेन धरलं आणि तासाभरात कादंबरीच्या पाच ओळी लिहिल्या. सकाळी सौ.पुढे ठेवल्या. चष्मा लावून तिनं चार ओळी लावल्या. पाचवी मलाही लागेना, म्हणून ती पुन्हा लिहिली.