लोहाऱ्याची टेकडी

आमच्या कोल्हापूरच्या गुळाच्या सौद्यात मुरलेला व्यापारी रव्याच्या वरच्या रंगावर जात नाही. कोपरा फोडतो, आतला तुकडा जिभेवर ठेवतो आणि मगच भाव बोलतो. नोकरीच्या सुरुवातीला हे शहाणपण माझ्याकडे नव्हते. घाटमाथ्याकडच्या एका गृहस्थांनी बॉक्साइटच्या खाणीसाठी कर्ज मागितले होते. टेबलावर त्यांनी चार दगड ठेवले, सोबत प्रयोगशाळेचा दाखला. दगड खरोखर उत्तम होते, दाखलाही खरा होता. फक्त ते चारही दगड सड्याच्या एकाच कोपऱ्यातून निवडून आणलेले होते. जांभ्याच्या सड्यावर बॉक्साइट एके ठिकाणी दोन पुरुष खोल लागते आणि पन्नास पावलांवर हातभरही लागत नाही, हे मला कर्ज बुडाल्यावर कळले. शिफारशीखाली सही माझी होती.

त्यानंतर मी खाणींबद्दल मिळेल ते वाचू लागलो आणि वाचता वाचता जमशेटजी टाटांपाशी येऊन थांबलो. ताजमहाल हॉटेल, बंगलोरची विज्ञानसंस्था, लोणावळ्याच्या पाण्यावरची वीज, हे सारे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. माझे मन मात्र विदर्भातल्या एका टेकडीवर अडकले. त्या टेकडीवर जमशेटजींना अपयश आले होते.

३ मार्च १८३९ रोजी नवसारीला पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील नसरवानजी हे त्या घराण्यात व्यापारात उतरलेले पहिले. मुलाला त्यांनी मुंबईला आणून एल्फिन्स्टन कॉलेजात घातले आणि मग चीनच्या व्यापारासाठी हाँगकाँगला धाडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि बाजार कोसळला. शेअरबाजाराच्या त्या वेडात टाटांचे घरही सापडले. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते, वय सव्वीस. कागदावर लाखांची असलेली मालमत्ता रद्दी कशी होते, ते त्यांनी तिथे पाहिले. पुढच्या साऱ्या आयुष्यात ते प्रत्येक गोष्ट आधी तपासून का घेत, याचे मूळ मला तरी त्या वर्षात दिसते.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. सारे गिरणीवाले मुंबईत गर्दी करत असताना नागपूर का? कापूस भोवताली पिकत होता, रेल्वे आली होती आणि कोळसा वरोऱ्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर होता. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती. त्या खड्ड्यात भर टाकण्यासाठी जमशेटजी पैसा ओततात, हे पाहून तिथल्या एका सावकाराने कर्ज द्यायचे नाकारले, अशी गोष्ट सांगतात. हा माणूस मातीत सोने पुरतो आहे, असे त्याला वाटले. पुढे गिरणी चालली आणि सावकार पस्तावला. मला त्या सावकाराबद्दल सहानुभूती आहे. त्याच्या खुर्चीत मी बसलेलो आहे.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजींच्या वाचनात आला. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात लोहारा येथे लोहखनिजाचा उत्तम साठा आहे आणि वरोऱ्याचा कोळसाही तिथून फार दूर नाही, असा त्याचा सारांश. वरोरा म्हटले की आज आपल्याला आनंदवन आठवते. त्या काळी तिथे सरकारी कोळशाची खाण होती. नागपूरच्या गिरणीमुळे हा टापू जमशेटजींच्या चांगला ओळखीचा होता.

आपल्या सह्याद्रीत धावड लोक पिढ्यान्‌पिढ्या जांभ्यातले लोखंड लाकडी कोळशावर गाळत आले. विळे-कोयत्यांपुरते ते भागत असे. रेल्वेचे रूळ करायचे तर गणित बदलते. एक टन लोखंडाला दीड-पावणेदोन टन खनिज लागते, मोठ्या प्रमाणावर कोळसा लागतो, वर चुनखडी आणि भरपूर पाणी. कोळसाही कोणताही चालत नाही. भट्टीतल्या खनिजाचा भार पेलून उभा राहील असा कठीण कोक त्यापासून तयार व्हावा लागतो. म्हणून जमिनीतल्या खनिजाला स्वतःची अशी किंमत नसते. कोळसा किती कोसांवर आहे आणि तो आणायला किती पडते, यावर ती ठरते. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला. तो नापास झाला. त्यात सरकारचे खाणकामाचे नियमही जाचक होते. त्यांनी विषय बाजूला ठेवला.

बाजूला ठेवला, सोडला नाही. मधे तब्बल सतरा वर्षे गेली. १८९९ मध्ये मेजर महॉन यांचा भारतातल्या पोलाद उद्योगाविषयीचा अहवाल आला आणि त्याच सुमारास लॉर्ड कर्झनच्या सरकारने खाणींचे नियम सैल केले. साठी गाठलेले जमशेटजी लंडनला गेले, भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांना भेटले. १९०२ मध्ये ते अमेरिकेत होते. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला कोक कसा करतात ते त्यांनी पाहिले, क्लीव्हलंडला खनिजाचा बाजार पाहिला. पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांनी त्यांना सावध केले. नुसत्या प्राथमिक तपासणीतच मोठी रक्कम जाईल आणि हाती काही लागेलच असे नाही, असा त्यांचा इशारा होता. जमशेटजींनी खर्चाची तयारी दाखवली, तेव्हा केनेडींनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले. पेरिन यांनी आपले सहकारी भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांना हिंदुस्थानात पाठवले.

कादंबरीकार म्हणून मला जमशेटजींना स्वतः टेकडीवर चढवायला आवडले असते. पण त्यांची प्रकृती खालावली होती. चांद्याच्या रानात हिंडले ते वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचे शापुरजी सकलातवाला. (हेच शापुरजी पुढे १९२२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट खासदार म्हणून निवडून गेले!) बैलगाडीचा प्रवास, वाघांचे रान आणि पाण्याची इतकी टंचाई की म्हणे सोडावॉटरचा चहा करावा लागे.

लोहाऱ्याचे खनिज चांगलेच निघाले. श्वार्ट्झ खोटे बोलले नव्हते. पण मोठ्या कारखान्याला वर्षानुवर्षे पुरेल एवढा साठा वेल्ड यांना दिसेना आणि कोकचा कोळसा तर जवळपास नव्हताच. त्यांनी नकार दिला. वीस वर्षे उराशी बाळगलेली टेकडी, पदरचा अमाप खर्च आणि हाती आले ते चार ओळींचे ‘नाही’. आमच्या धंद्यात अशा वेळी लोक दुसरा तज्ज्ञ शोधतात, ‘हो’ म्हणणारा. टाटांनी तो ‘नाही’ मानला आणि त्याच वेल्डना पुढे शोध घ्यायला सांगितले.

दोराबजी हा नकार कळवायला नागपूरला सरकारी अधिकाऱ्याकडे गेले. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ घालवण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. तिथे भूगर्भ खात्याचा रंगीत नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा रंग ठळक दिसत होता. प्रमथनाथ बोस या बंगाली भूगर्भतज्ज्ञांनी १८८७ मध्येच त्याविषयी लिहून ठेवले होते. मंडळी धल्ली-राजहऱ्याच्या डोंगरावर पोचली, तेव्हा पायाखालचा खडक धातूसारखा वाजत होता. खनिज अव्वल होते. तरी कारखाना तिथेही झाला नाही, कारण पुन्हा तेच: योग्य कोळसा आणि पाणी जवळ नव्हते.

शोध असा अर्ध्यावर असताना १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. पोलादाचा कणही त्यांनी पाहिला नाही. बोस तोवर मयूरभंज संस्थानच्या नोकरीत गेले होते. तिथल्या खनिजाविषयी त्यांनी २४ फेब्रुवारी १९०४ रोजीच पत्र लिहून टाटांना कळवले होते. गोरुमहिसानीच्या डोंगरात साठा होता, झरियाचा कोक होणारा कोळसा रेल्वेच्या टप्प्यात होता आणि साकची गावाजवळ सुवर्णरेखा व खरकाई या नद्यांचा संगम. नागपूरच्या गिरणीची जागा निवडताना मांडलेला हिशेब पुन्हा जुळला होता, या वेळी शेकडो मैल पूर्वेला.

१९०७ मध्ये लंडनच्या सावकारांनी पैसा द्यायला खळखळ केली, तेव्हा स्वदेशीच्या लाटेत मुंबईत टाटांच्या कचेरीपुढे रांगा लागल्या. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भांडवल उभे केले. खेळत्या भांडवलासाठी कर्जरोखे काढले, ते ४ लाख पौंडांचे सारे रोखे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एकट्यांनी घेतले. पोलादाचा पहिला ठोकळा १६ फेब्रुवारी १९१२ रोजी निघाला. १९१९ मध्ये साकचीचे जमशेदपूर झाले.

वरोऱ्याची ती सरकारी खाण १९०६ मध्येच बंद पडली होती. धल्ली-राजहऱ्याचे खनिज १९५९ पासून भिलाईच्या भट्ट्यांत जाऊ लागले. जुन्या चांदा जिल्ह्याचा पूर्व भाग १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. तिथल्या सुरजागडच्या डोंगरातून आता लोहखनिज निघते. तिथे वाहणाऱ्या ट्रकांबद्दल आणि जंगलाबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी आहेत, त्याही वर्तमानपत्रांत येतात. माझ्या त्या चार दगडांपैकी एक अजून माझ्या टेबलावर आहे. नातू त्याने कागद दाबून ठेवतो.