शिष्य घडविणारे शल्यविशारद : डॉ. विल्यम वानलेस

धाराशिव जिल्ह्यातील येडशी, कसबे तडवळे या गावांवरून पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावत असे. १९२७ साली हा मार्ग पंढरपूरहून मिरजेस पोहोचला आणि निजामाच्या राज्यातील आपला दुष्काळी मुलूख मिरजेच्या मिशन हॉस्पिटलशी रुळांनी जोडला गेला. ते हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे आज आम्ही स्मरण करीत आहोत.

डॉ. वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून १८८९ साली ते प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सपत्नीक भारतात आले. आरंभी सांगलीत दवाखाना चालवून पुढे त्यांनी मिरज ही कर्मभूमी मानली. १८९४ साली तेथे त्यांचे रुग्णालय सुरू झाले. निष्णात शल्यविशारद म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

अशा कीर्तिमान पुरुषापुढे एक मोह उभा असतो. सारे कौशल्य स्वतःच्या हाती ठेवावे, इतरांनी केवळ आज्ञा पाळावी. डॉ. वानलेस यांनी हा मार्ग नाकारला. अवघ्या तीन वर्षांत, १८९७ साली, मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. परिचारिकांच्या शिक्षणाचाही पाया घातला गेला. स्थानिक तरुण-तरुणींच्या हाती त्यांनी विद्या सोपविली. शिकविण्यात वेळ जातो, नवख्या हातांवर विश्वास टाकावा लागतो. तरीही त्यांनी ते केले.

विश्वास लाभलेल्या हातांमुळेच नवी कामे अंगावर घेता आली, असे आम्हांस वाटते. कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले आणि त्या परिसरास वानलेसवाडी हे नाव मिळाले. समाजाने दूर लोटलेल्या या रुग्णांची सेवा एकट्या डॉक्टरच्या बळावर होणे शक्यच नव्हते.

१९२८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले. संस्थापक गेले, परंतु काम थांबले नाही. डॉ. चार्ल्स व्हेल यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी ते पुढे नेले. १९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी हेच रुग्णालय उपयोगी पडले.

२०२२ साली धाराशिव येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. इमारती आणि यंत्रे येतील. पण तेवढ्याने रुग्णसेवेत नवे काही घडेलच असे नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेस एखादी सुधारणा सुचली, तर ती वरिष्ठांपुढे निर्भयपणे मांडू शकेल काय? तिचे ऐकून घेणारा प्रमुख तेथे असेल काय? प्रिय वाचकहो, रुग्णालय असो, शाळा असो वा आपली धर्मग्राम संस्था, प्रमुखपदी बसलेल्या आपणा प्रत्येकास हा प्रश्न लागू आहे. आपल्यामागे काम चालू ठेवतील अशी माणसे आपण घडविली काय, याचा शोध ज्याने त्याने घ्यावा.