सर्पगंधेचे डॉक्टर : रुस्तुम जाल वकील

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे हे आम्हांस प्रथमच कळले. डोके दुखले नाही, घेरी आली नाही; मग मोजतो कोण! त्या दुखण्यापायी मी वाचू लागले आणि डॉ. रुस्तुम जाल वकील यांची ओळख झाली.

त्यांचा जन्म १९११ सालचा. लंडनला वैद्यक शिकून ते मुंबईस परतले व के. ई. एम. रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करू लागले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर भरवशाचे औषध नव्हते. सर्पगंधेची मुळी मात्र आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. तिने रक्तदाब उतरतो, असे कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. पण जगाने ते मनावर घेतले नाही. वकिलांनी ५० रोग्यांना मुळीच्या गोळ्या दिल्या, आधी व नंतर रक्तदाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निबंध छापला. मग जग जागे झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ साली ते निवर्तले.

रेसर्पिनने काहींचे मन खिन्न होते. म्हणून आज बहुधा दुसरी औषधे देतात. तेव्हा नंदुरबारच्या बाजारातून मुळी आणून कोणी घरी उगाळू नये. वकिलांकडून घ्यायचा तो मोजण्याचा धडा. हळदीकुंकवाला जमतो तशा एकदा दवाखान्यात जमू या आणि दंडाला पट्टा बांधून घेऊ या. सासूबाईंच्या वेळी मला हे सुचले नाही, ही रुखरुख आजही आहे.