पुण्याचे अर्देशीर, लोरची मुलगी

इराणी म्हटलं की आपल्याला बन-मस्का आठवतो. मलाही तेवढंच माहीत होतं. (माझं कॉन्व्हेंटचं मराठी सांभाळून घ्या!)

अर्देशीर इराणी १८८६ साली पुण्यात एका इराणी झरथुष्ट्री घरात जन्मले. १९३१ च्या ‘आलम आरा’वाले तेच. शूटिंग रात्री, कारण स्टुडिओजवळून दिवसा गाड्या धडधडायच्या. आमच्या लॅबमध्ये तर नुसत्या पंख्यानंही रीडिंग बिघडतं!

पण मला जास्त भावला तो त्यांचा १९३३ चा ‘दुख्तर-ए-लोर’. पहिला फारसी बोलपट, आणि बनला चक्क मुंबईत! लेखक आणि नायक अब्दुलहुसैन सेपंता. गुलनार झालेल्या रूहंगीझचं बोलणं केरमानी वळणाचं, म्हणून कथाच त्याला जुळवून घेतली. तेहरानमध्ये सिनेमा तुफान चालला. तिला मात्र पडद्यावर आल्याबद्दल इतका त्रास झाला, की पुढे तिनं कामच सोडलं.

अर्देशीर १९६९ मध्ये गेले. ‘आलम आरा’ची एकही प्रिंट उरलेली नाही, गुलनार आहे. रूममेटच्या आजीला ती कॉम्प्युटरवर दाखवली. आजींचे वडील केरमानहून आलेले. गुलनार बोलायला लागली आणि आजी एकदम हसल्या. बाबा अस्संच बोलायचे म्हणाल्या, आणि परत लावायला सांगितलं.