विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी ‘कृपासदन’ का उभारले?

पंडिता रमाबाईंना (१८५८-१९२२) भुकेची ओळख पुस्तकातून झाली नव्हती. त्यांचे आई-वडील १८७४ मध्ये दुष्काळातच गेले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधील फुलम येथे ख्रिस्ती भगिनी देहविक्रयातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचे आश्रयगृह चालवत. समाजाने टाकलेल्या बाईलाही आपुलकी मिळते, हे पाहून रमाबाई हलल्या. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेचा अर्थ त्यांना तेथे उमगला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी मुली अत्याचाराला आणि फसवणुकीला कशा बळी पडतात, हे त्यांनी पाहिले. शेकडो मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला आणले. तेथील ‘मुक्ती’ संस्थेतच पुढे ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ सुरू झाले.

धर्मांतराच्या आरोपावरून त्यांच्यावर कडाडून टीका झाली. त्यांच्या कामात पश्चात्तापाच्या प्रार्थनेला मोठे स्थान होते, हेही खरे. पण त्या प्रार्थनेवर थांबल्या नाहीत. शिक्षण, शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुक्तीत शिकवली जात. पोटाची सोय नसेल, तर सुटलेली बाई पुन्हा त्याच दारात जाते, हे त्यांनी ओळखले होते.